मंडळ, संघ, पथक की संघटना? आपल्या माणसांना नेमका शब्द कसा द्यावा

परळ-लालबागच्या चाळींतून गेली कित्येक वर्षं लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. कुणाला पालिकेला अर्ज करायचा असतो, कुणाला पावती पुस्तक छापायचं असतं, कुणाला संस्थेची घटना लिहून हवी असते. पुढचा मजकूर पटकन होतो. अडतं ते पहिल्याच ओळीवर. ‘आम्ही’ म्हणजे कोण? मंडळ, संघ, संघटना, पथक, समिती की ग्रुप? बहुतेक जण शेजारच्या गल्लीतल्या बॅनरवरचा शब्द उचलतात आणि मोकळे होतात.

मीही एकदा असाच शब्द उचलला होता. आमच्याकडच्या घरकाम करणाऱ्या अकरा जणी दर महिन्याला भिशी लावत. हिशेबाच्या वहीवर नाव हवं म्हणून त्या आल्या, आणि मी उत्साहाने लिहून दिलं, ‘घरकामगार महिला संघटना’. ती वही एकीच्या पिशवीतून कामाच्या घरी कुणाच्या तरी नजरेला पडली. बायकांनी युनियन काढली, आता पगार वाढवून मागणार, अशी त्या इमारतीत बोलवा झाली आणि दोघींना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी काहीही मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर तो त्यांचा हक्कच होता, पण तेव्हा त्या विचार करून, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या असत्या. मी एका शब्दाने त्यांना न विचारता लढाईत उतरवलं. तेव्हापासून नाव लिहिण्याआधी मी जे जे विचारतो, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

पहिली पायरी: आधी ऐका

कागद बाजूला ठेवा आणि ही माणसं एकमेकांना काय म्हणतात ते दोन-तीन दिवस ऐका. ‘आपली पोरं’, ‘आमची गँग’, ‘सकाळची मंडळी’, ‘कट्ट्यावरचे’, ‘गाववाले’. तोंडातला शब्द नेहमी कागदावर जाईल असं नाही, पण त्यातून नात्याचा अंदाज येतो. जिथे ‘आपली’ हा शब्द सारखा येतो तिथे नाव घरगुती असलेलं बरं. जिथे ‘मुकादम’, ‘पाळी’, ‘हजेरी’ हे शब्द येतात तिथे कामाचं नातं आहे आणि नावात काम दिसायला हवं.

दुसरी पायरी: एकच प्रश्न विचारा

ही माणसं उद्यापासून एकत्र आली नाहीत तर काय बंद पडेल?

उत्तर ‘गणपती बसणार नाही’ असेल तर ते मंडळ आहे. ‘हंडी लागणार नाही’ असेल तर पथक. ‘ट्रक खाली होणार नाही’ असेल तर टोळी. ‘मालकाशी बोलायला कुणी उरणार नाही’ असेल तर संघटना. ‘पैसे अडकतील’ असेल तर बचत गट किंवा भिशी. आणि ‘बंद काहीच पडणार नाही, पण रविवार ओका जाईल’ असं उत्तर आलं तर तो कट्टा आहे, त्याला घटना आणि शिक्का यांची गरज नाही.

भिशीच्या त्या अकरा जणींना मी हा प्रश्न विचारला असता तर ‘संघटना’ हा शब्द माझ्या लेखणीतून उतरला नसता.

तिसरी पायरी: शब्दाचं कूळ बघा

*मंडळ आणि मंडळी.* मंडळ म्हणजे मुळात वर्तुळ, गोल बसलेली माणसं. सण, खेळ, भजन, वाचन, गावची पूजा, असं दरवर्षी पुन्हा पुन्हा करायचं काम असेल तर मुंबईत हाच शब्द पहिला येतो. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, मित्र मंडळ, क्रीडा मंडळ, भजनी मंडळ, महिला मंडळ. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ सालचं. पण हा शब्द अगदीच अनिवार्य आहे असं समजू नका. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव चालतो आणि तिथे ‘श्री सार्वजनिक गणेशोत्सव संस्था’ असं नाव आहे.

कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी या शब्दाला एक वेगळीच खोली दिली. प्रत्येक गावाचं, कधी कधी एकेका वाडीचं ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असतं. गावची शाळा, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मयताची मदत, सगळं या मंडळातून होतं. नावातलं ‘मुंबई’ महत्त्वाचं, कारण गावात वेगळं मंडळ असतं आणि इथलं वेगळं. (गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी धोबी तलावाच्या आसपास गावागावाच्या नावाने ‘कूड’ चालवले. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यानंतर राहायची ती जागा. नातं तेच, शब्द वेगळा.)

एक अडचण लक्षात ठेवा. सरकारही ‘मंडळ’ हाच शब्द वापरतं. मंत्रिमंडळ, महामंडळ, कल्याण मंडळ. म्हणून नुसतं ‘घरकामगार मंडळ’ किंवा ‘रिक्षाचालक मंडळ’ लिहिलं की वाचणाऱ्याला ते सरकारी वाटतं. ‘मित्र’, ‘क्रीडा’, ‘भजनी’ असा शब्द जोडला की घोटाळा मिटतो.

मंडळाला शेवटी एक वेलांटी लागली की हवा बदलते. ‘मंडळ’ ठराव करतं, ‘मंडळी’ जमतात. जेवायला बसलेली मंडळी, घरची मंडळी, सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारी मंडळी. एकेकाळी मात्र ‘मंडळी’ हे रीतसर व्यावसायिक नाव होतं. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० ची, गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. पडद्यामागे तीच माणसं तिला ‘कंपनी’ म्हणत, ‘कंपनीचा मुक्काम’, ‘कंपनीचं बिऱ्हाड’. आज नाटकवाले स्वतःला नाट्यसंस्था म्हणवतात. कुणी नवा हौशी नाट्यगट काढत असेल तर मी ‘मंडळी’ जरूर सुचवतो. हा शब्द पुन्हा रंगमंचावर यावा असं मला मनापासून वाटतं.

*संघ, संघटना, युनियन.* इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू या.

‘संघ’ हा शब्द फार मोठं घर आहे. कबड्डीचा संघ म्हणजे मैदानात उतरलेले खेळाडू. मुंबई मराठी साहित्य संघ, गिरगावातला, १९३५ चा, म्हणजे साहित्य-नाटकाची संस्था. पत्रकार संघ म्हणजे एका व्यवसायातल्यांची संस्था. राष्ट्रीय मिल मजदूर संघ म्हणजे कामगार युनियन. चारही ठिकाणी शब्द बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला नेमकं काय ते पुढच्या-मागच्या शब्दांवरून कळतं. तेव्हा ‘संघ’ निवडलात तर त्याच्या आधीचा शब्द ठळक हवा. ‘उत्कर्ष संघ’ यावरून काहीच कळत नाही. ‘उत्कर्ष कबड्डी संघ’ म्हटलं की सगळं कळलं. क्रीडा मंडळाच्या मुलांनी हेही ध्यानात घ्यावं, की मंडळ कायमचं असतं आणि संघ त्या स्पर्धेपुरता निवडलेला. एका मंडळाचे पुरुष, महिला, कुमार असे तीन संघ असू शकतात.

‘संघटना’ या शब्दात मागणी आहे. तो वाचल्यावर समोरचा माणूस मनात विचारतो, यांचं म्हणणं काय आहे? तुमचं काही म्हणणं असेल, ते मांडायची तयारी असेल, तर हा शब्द ताठ मानेने घ्या. नसेल तर घेऊ नका.

‘युनियन’ हा शब्द मुंबईने इतका आपला केला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधायची गरज नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ काढली तेव्हा गिरणगावाला हा शब्द नवखा होता. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन आली आणि ‘लाल बावटा’ हे तिचं बोलीतलं नाव झालं. झेंड्याचा रंग हाच शब्द. पुढे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या शाहिरी चमूलाही ‘लाल बावटा कलापथक’ म्हटलं गेलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण ‘युनियनचा माणूस’ हा शब्दप्रयोग आमच्याकडे अजून जिवंत आहे. नोंदणीकृत कामगार संघटना असेल तर बोलताना निःसंकोच युनियन म्हणा.

*पथक, टोळी, दल.* ही तिन्ही हात चालवणाऱ्या माणसांची नावं.

पथकाला सराव लागतो आणि ठरलेली वेळ लागते. गोविंदा पथक, ढोल-ताशा पथक, लेझीम पथक, भरारी पथक, बॉम्बशोधक पथक. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, एक जण हलला तर थर कोसळतो. तुमच्या गटात सराव नसेल, तर ‘पथक’ हा शब्द पोकळ वाजतो. ‘दल’ याच्या पुढचं, शिस्त आणि सेवा दाखवणारं. अग्निशमन दल, पोलीस दल, राष्ट्र सेवा दल. गणवेश किंवा व्रत नसलेल्या गटाने हा शब्द घेऊ नये असं माझं मत आहे.

टोळीबद्दल मात्र मला भरभरून सांगायचं आहे. वर्तमानपत्रांनी हा शब्द चोर-दरोडेखोरांना देऊन टाकला. ‘दुचाकी चोरणारी टोळी गजाआड’, रोजचं शीर्षक. पण मशीद बंदरला, वाशीच्या बाजारात, गोदामांवर माथाडी कामगारांना विचारा. तिथे टोळी म्हणजे एकत्र ओझं उचलणारी, एकत्र मजुरी वाटून घेणारी माणसं. टोळीला मुकादम असतो आणि माथाडी मंडळाकडे टोळीची रीतसर नोंद असते. ‘माथाडी’ हा शब्दच बघा. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना एकत्र आणलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला, तेव्हा बाजारातला हा शब्द कायद्याच्या नावात जाऊन बसला. त्यामुळे हमालांसाठी लिहिताना टोळी हा शब्द खोडून ‘चमू’ किंवा ‘टीम’ करू नका. त्यांचा तो मानाचा शब्द आहे. बाकीच्यांनी मात्र बॅनरवर टोळी लिहायच्या आधी दोनदा विचार करावा.

*समिती, परिषद.* समिती एखाद्या कामासाठी नेमतात आणि काम झालं की ती संपायला हवी. उत्सव समिती, स्वागत समिती, पुनर्विकास समिती. परिषद विचारविनिमयासाठी भरते. याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९४६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. १९५६ मध्ये लढा रस्त्यावर आला तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. त्याच मागणीसाठी आधी परिषद, मग समिती. अनेक मंडळांनी मिळून एकत्र बोलायचं असेल तर ‘समन्वय समिती’ हा शब्द मुंबईत रुळलेला आहे, बृहन्मुंबई सार्वजनिक गणेशोत्सव समन्वय समितीसारखा. ‘महासंघ’ हा शब्द मात्र खरोखर अनेक संघ सोबत असतील तरच.

*सभा, समाज.* हे दोन शब्द काळाबरोबर सरकले आहेत, म्हणून सांभाळून. एकोणिसाव्या शतकात एका विचाराची माणसं स्वतःला सभा किंवा समाज म्हणवत. मुंबईतला प्रार्थना समाज १८६७ चा, पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची, सत्यशोधक समाज १८७३ चा. आज मुंबईत ‘सभा’ म्हटलं की मैदान आणि भाषण डोळ्यांसमोर येतं, आणि बॅनरवर ‘समाज’ दिसला की वाचणारा जात शोधतो. तुमचा गट सर्वांसाठी खुला असेल तर नावात ‘समाज’ नको. एका वाचनगटाने आवडीने तो शब्द घेतला होता, आणि ‘हा कुठला समाज?’ हे विचारून लोक दारातूनच परत जात.

*गट, ग्रुप, कट्टा.* बचत गट आता सर्वांना कळतो, साधारण दहा ते वीस सभासद, ठरलेली बचत, आपसातलं कर्ज. नुसता ‘गट’ मात्र राजकारणात फुटीचा वास घेऊन येतो, ‘अमुक गट, तमुक गट’, म्हणून त्याच्या आधी ‘वाचन’, ‘अभ्यास’, ‘बचत’ असं काहीतरी असू द्या. ट्रेनमधल्या रोजच्या डब्यातल्या माणसांसाठी ‘ग्रुप’ हाच खरा शब्द. आठ-बाराच्या लोकलचा ग्रुप. तिथे मराठीकरण करत बसू नये. कट्टा आधी बसायची जागा होती, मग तिथे बसणारी माणसंही कट्टा झाली.

छंदासाठी मराठीने एक फार गोड तोडगा काढला आहे, ‘-मित्र’. पक्षीमित्र, सर्पमित्र, वृक्षमित्र, गिरिमित्र. ‘-प्रेमी’ म्हणजे नुसती आवड. ‘-मित्र’ म्हटलं की काळजी घेणंही आलं. साप पकडून सुखरूप सोडणाऱ्याला सर्पप्रेमी म्हणून चालणार नाही.

कंपू, टोळकं, झुंड, घोळका, जमाव हे शब्द दुसऱ्यांसाठी वापरले जातात, स्वतःसाठी कुणी वापरत नाही. बातमी किंवा तक्रार लिहिताना जपा. दहा जण हक्काचं मागायला आले असतील तर त्यांना ‘जमाव’ लिहिणं हा अन्याय आहे.

चौथी पायरी: एकेका माणसाला काय म्हणणार ते ठरवा

समूहाचं नाव ठरलं की आतल्या माणसाचं नाव ठरवायचं राहून जातं. वर्गणी भरणारा आणि मत देणारा तो सभासद. राबणारा तो कार्यकर्ता. त्या दिवसापुरता मदतीला आलेला स्वयंसेवक. घटनेत ‘सभासद’ लिहा, आभाराच्या भाषणात ‘कार्यकर्ते’ म्हणा. भजनात टाळकरी, पखवाजवादक, बुवा असतात. त्यांना ‘कलाकार सदस्य’ म्हणू नका. बोटीवर तांडेल आणि खलाशी असतात, त्यांना ‘कर्मचारी’ म्हटलं की समुद्रच निघून जातो.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभं राहिलं. तिथे काम करणारी प्रत्येक बाई नोकर नसते, ती ‘बहीण’ असते आणि मालकीतही वाटेकरी असते. ‘बहीण’ या शब्दाला मागे हिशेबाचा आधार आहे, म्हणून तो खरा वाटतो. नुसतं ‘आम्ही सगळे एक कुटुंब’ म्हणून पगार उशिरा देणाऱ्यांनी हा शब्द घेऊ नये.

ज्यांच्या कामाला लोक हिणवून बोलतात त्यांच्यासाठी लिहिताना त्यांचा स्वतःचा शब्द विचारा. मोलकरीण, कामवाली याऐवजी घरकामगार. २००८ च्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ हा शब्द आला आहे, अर्जात तो वापरा. कचरेवाली नाही, कचरावेचक. सरकारी कागदात ‘पथविक्रेता’ असतो, पण धंदा लावणारा स्वतःला अभिमानाने फेरीवाला म्हणत असेल तर बोलताना तोच शब्द. डबेवाल्यांना ‘-वाला’ कधी टोचला नाही. त्यांच्या कागदावरच्या नावात ‘टिफिन बॉक्स सप्लायर्स’ आहे, जगाच्या तोंडी मात्र डबेवाला. दोन्ही नावं आपापल्या जागी सुखाने नांदतात.

आणि ‘युवक’ लिहिलंत तर मुली बाहेर राहतात. ‘युवा’ लिहा.

पाचवी पायरी: विशेषणं आणि शुद्धलेखन

‘अखिल’, ‘बृहन्मुंबई’, ‘महाराष्ट्र राज्य’ हे शब्द चाळीतल्या चौदा जणांच्या गटाला मोठे होतात. तुमचा पसारा जेवढा, तेवढंच नाव. गल्लीचं नाव असलेलं मंडळ लोकांना लवकर सापडतं.

छापखान्यात देण्याआधी एवढं तपासा. ‘क्रीडा’ दीर्घ, ‘क्रिडा’ नाही. ‘बृहन्मुंबई’मधला न् अर्धा. ‘मंडळातर्फे’ सलग, ‘मंडळा तर्फे’ नाही. ‘मंडळाच्या वतीने’ मात्र सुटं. प्रत्यय लागला की रूपं अशी होतात: संघटनेच्या, समितीच्या, पथकाच्या, कट्ट्याच्या, मंडळींच्या. इंग्रजीतून आलेले शब्द जसेच्या तसे राहतात, ग्रुपच्या, युनियनच्या.

सहावी पायरी: नोंदणीच्या आधी

सगळ्यांना नोंदणी लागत नाही. पण लोकांकडून वर्गणी घ्यायची, बँकेत खातं काढायचं, जागा घ्यायची, तर ती करून घेतलेली बरी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. सार्वजनिक न्यासासाठी १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. मुंबईत त्यासाठी वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावं लागतं. जाताना एक नव्हे, तीन-चार नावं पसंतीच्या क्रमाने लिहून न्या, कारण तेच किंवा मिळतंजुळतं नाव आधीच कुणी घेतलेलं असतं. शासनाचा भास होईल असं नाव चालत नाही. आणि ‘सहकारी’ हा शब्द आवडला म्हणून लावता येत नाही. तो १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंद झालेल्यांचाच आहे.

सातवी पायरी: मोठ्याने म्हणून बघा

सगळ्यांना बसवा आणि तीन वाक्यं म्हणायला लावा. ‘आम्ही अमुक अमुकचे.’ ‘अमुक अमुकच्या वतीने आभार.’ आणि फोनवर अनोळखी माणसाला, ‘मी अमुक अमुकमधून बोलतोय.’ तिसऱ्या वाक्याला ज्याची जीभ अडखळते ते नाव लांब आहे. दहीहंडीच्या गर्दीत माइकवरून पथकाचं नाव पुकारतात तेव्हा चारपेक्षा जास्त शब्द ऐकू येत नाहीत. गटात जो सर्वांत कमी बोलतो त्याला शेवटी विचारा, हे नाव घेऊन तू घरी, कामावर, पोलीस चौकीत जाशील का? त्याने मान खाली घातली तर नाव बदला.

त्या अकरा जणींकडे मी हे सगळं शिकून परत गेलो. त्यांनी संघटना खोडायला सांगितली नाही. वहीवर ‘शनिवार भिशी’ लिहून घेतलं, आणि संघटनेचं पान शेवटी घडी घालून ठेवलं, लागेल तेव्हा काढू म्हणाल्या.

शिक्का मात्र सर्वांत शेवटी बनवायला टाका, नोंदणीचा कागद हातात आल्यावर.